आमदारांचे पत्र आणि ‘मंजूर’ हा शब्द

विधिमंडळाचे अधिवेशन संपले की काही दिवसांतच मतदारसंघातील पेढ्यांवर आणि घरोघरी एक छापील पत्रक येऊन पोहोचते. अलीकडे ते भ्रमणध्वनीवरही येते. वरच्या बाजूस आमदारांचे छायाचित्र असते. खाली तारांकित प्रश्नांची संख्या, मांडलेल्या लक्षवेधी सूचना, रस्त्यांसाठी आणि सभागृहांसाठी मिळविलेला निधी यांची जंत्री असते आणि शेवटच्या पानावर अधिवेशनातील विधेयकांची यादी असते. यादीतील बहुतेक ओळींपुढे एकच शब्द छापलेला असतो : ‘मंजूर’. व्यापारी मनुष्य छायाचित्राकडे एक दृष्टी टाकतो, निधीचे आकडे वाचतो आणि पत्रक गल्ल्याशेजारच्या खणात ठेवून देतो. ज्या पानाचा त्याच्या धंद्याशी सर्वांत निकटचा संबंध असतो, ते पान बहुधा वाचलेच जात नाही; किंवा वाचले गेले, तर चुकीचे वाचले जाते. दोन्ही प्रकारांत होणारे नुकसान सारखेच असते.

दक्षिण महाराष्ट्रातील एका शहराच्या जुन्या पेठेत भांड्यांची एक पेढी आहे. तिसरी पिढी गादीवर बसते. आठ नोकर, घाऊक आणि किरकोळ असा दुहेरी धंदा, कर्नाटकातील सीमाभागातील दुकानदारांशी जुना व्यवहार. पेढीचे कर्ते, ज्यांना सारी पेठ अण्णा म्हणून ओळखते, ते सचोटीचे आणि हिशेबाला चोख म्हणून प्रसिद्ध. अशा अण्णांना ‘मंजूर’ या एका शब्दाने दोनदा फसविले. पहिल्यांदा घाई केली म्हणून आणि दुसऱ्यांदा घाई केली नाही म्हणून.

पहिला प्रसंग २०१७ सालचा. दुकाने व आस्थापनांसंबंधीचा १९४८ चा जुना कायदा रद्द करून त्या जागी नवा कायदा आणणारे विधेयक विधिमंडळाने त्या वर्षी संमत केले. व्यापाऱ्यांच्या दृष्टीने त्यातील दोन गोष्टी मोठ्या होत्या. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणीऐवजी केवळ सूचना देणे पुरेसे ठरणार होते आणि दुकान आठवड्यातील एक दिवस बंद ठेवण्याची सक्ती जाऊन कामगाराला साप्ताहिक सुटी देण्याची जबाबदारी तेवढी राहणार होती. पत्रकात या विधेयकापुढे ‘मंजूर’ असे छापलेले होते. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झाली, रुखवताच्या भांड्यांना गिऱ्हाईक दाटले आणि अण्णांनी साप्ताहिक बंदीच्या वारी दुकान उघडले. तिसऱ्या आठवड्यात निरीक्षक दारात उभे राहिले. अण्णांनी पत्रक पुढे केले. निरीक्षकांनी शांतपणे सांगितले की कायदा झाला आहे, परंतु तो अजून लागू झालेला नाही. ते खरेच होते. नवा कायदा सप्टेंबर २०१७ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध झाला, मात्र अंमलात आला तो १९ डिसेंबर २०१७ रोजी. मधल्या काळात १९४८ चाच कायदा जिवंत होता. दंडाची रक्कम मोठी नव्हती. परंतु ज्या माणसाने आयुष्यात कधी सरकारी कार्यालयाची पायरी गुन्हेगार म्हणून चढली नव्हती, त्याला ती चढावी लागली, याचे शल्य मोठे होते.

येथे थोडे थांबून विधेयकाचा प्रवास पाहणे आवश्यक आहे. जुन्या पिढीतील व्यापाऱ्यांना हुंडीचा व्यवहार ठाऊक असे. हुंडी लिहिली म्हणजे रोकड हाती आली असे नव्हे. ती ज्याच्यावर लिहिली त्याला दाखवावी लागे, त्याने ती स्वीकारावी लागे, मुदत भरावी लागे आणि मगच ती वटत असे. विधेयकाचेही असेच आहे.

महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आणि विधान परिषदेत ७८ सदस्य आहेत. विधेयक मांडले जाते ते त्याचे पहिले वाचन. दुसऱ्या वाचनात कलमवार चर्चा आणि दुरुस्त्या होतात; तिसऱ्या वाचनात ते संमत होते आणि दुसऱ्या सभागृहाकडे जाते. महत्त्वाचे विधेयक कधी दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठविले जाते. धन विधेयक विधान परिषदेला १४ दिवसांत परत करावे लागते. दोन्ही सभागृहांनी संमती दिल्यावर विधेयक राज्यपालांकडे जाते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०० नुसार राज्यपाल अनुमती देतात, अनुमती रोखतात, पुनर्विचारासाठी परत पाठवितात, किंवा राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवतात. अनुमती मिळून राजपत्रात प्रसिद्धी झाली की विधेयकाचा कायदा होतो. त्यानंतरही एक दार उरते आणि ते म्हणजे प्रारंभाचा दिनांक. अनेक कायद्यांच्या पहिल्याच कलमात लिहिलेले असते की शासन अधिसूचनेद्वारे ठरवील त्या दिनांकास कायदा अंमलात येईल. २०१७ मध्ये अण्णा अडखळले ते या शेवटच्या दारापाशी.

या प्रवासास किती काळ लागावा याचा नेम नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम हा १९९९ चा म्हणून ओळखला जातो. पेठांतील असंख्य दुकाने आजही जुन्या भाडेकरारावर उभी असल्याने व्यापाऱ्यांना तो परिचित आहे. त्याला राष्ट्रपतींची अनुमती मार्च २००० मध्ये मिळाली आणि तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. याउलट, स्त्रियांवरील अत्याचारांसंबंधी कठोर शिक्षा सुचविणारे शक्ती विधेयक डिसेंबर २०२० मध्ये मांडले गेले, संयुक्त समितीत त्याची छाननी झाली, डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते संमत केले. त्या वर्षीच्या पत्रकांत ते अभिमानाने ‘मंजूर’ म्हणून झळकले. परंतु पुढील तीन वर्षांतही त्याला राष्ट्रपतींची अनुमती मिळाली नाही आणि ते कायदा होऊ शकले नाही. पत्रकातील शब्द खोटा नव्हता. तो अपुरा होता.

आता दुसरा प्रसंग. दुधाने तोंड पोळलेला मनुष्य ताकही फुंकून पितो. २०१७ च्या अनुभवानंतर अण्णांनी मनाशी गाठ बांधली की विधेयक मंजूर झाल्याने काहीच होत नाही, लागू झाल्यावर पाहू. २०२२ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनानंतरचे पत्रक त्यांनी याच निर्धाराने खणात टाकले. त्या पत्रकात दोन ओळी अशा होत्या की ज्या त्यांच्या पेढीसाठीच लिहिल्या असाव्यात.

पहिली ओळ जुन्या करांच्या थकबाकीच्या तडजोडीची, म्हणजे लोकांच्या भाषेत अभय योजनेची. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून सुरू झाला. त्यापूर्वीच्या मूल्यवर्धित कर, केंद्रीय विक्रीकर इत्यादी करांची थकबाकी अनेक व्यापाऱ्यांच्या डोक्यावर उरली होती. नव्या कायद्यानुसार १० हजार रुपयांपर्यंतची थकबाकी पूर्ण माफ होणार होती आणि १० लाखांपर्यंतची थकबाकी असणाऱ्याने तिच्या २० टक्के रक्कम एकरकमी भरल्यास उरलेली ८० टक्के माफ होणार होती. योजना १ एप्रिल २०२२ ला सुरू झाली आणि तिची मुदत ३० सप्टेंबर २०२२ पर्यंत होती. अण्णांच्या पेढीवर केंद्रीय विक्रीकराची ६ लाखांची थकबाकी होती. सीमेपलीकडील दुकानदारांनी सी फॉर्म वेळेवर पाठविले नाहीत आणि कराच्या दरातील फरक व त्यावरील व्याज विकणाऱ्याच्या नावे चढले, ही अनेक घाऊक व्यापाऱ्यांची कहाणी त्यांचीही होती. १ लाख २० हजार रुपये भरून हा विषय कायमचा मिटला असता. अण्णा ‘लागू झाल्यावर पाहू’ म्हणत राहिले. योजना लागूही झाली आणि मुदतही सरली. येथे प्रारंभाच्या दिनांकाइतकाच शेवटचा दिनांक महत्त्वाचा होता.

पुढील हिवाळ्यात वसुलीची नोटीस आली आणि बँकेतील खात्यावर जप्ती आली. त्याच आठवड्यात एका पुरवठादाराला दिलेला धनादेश न वटता परत गेला. रक्कम किरकोळ होती. परंतु ज्या पेढीच्या तीन पिढ्यांत एकही धनादेश परत गेला नव्हता, तिच्याविषयी पेठेत कुजबुज सुरू झाली. मालाची उधारी देणाऱ्या एका जुन्या घराण्याने प्रथमच आगाऊ रक्कम मागितली. पैसा पुन्हा मिळविता येतो. गेलेली पत परत मिळविण्यास दुसरी पिढी खर्ची पडते, हे व्यापारी घरांत कोणास सांगावे लागत नाही. अण्णा त्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत ओटीवर एकटेच बसून राहत.

दुसरी ओळ नामफलकांची. २०१७ च्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांना बहुतेक तरतुदींतून मोकळे केले होते, म्हणून ‘हा कायदा आपल्याला नाहीच’ अशी छोट्या दुकानदारांची समजूत झाली होती. २०२२ च्या दुरुस्तीने अशा लहान दुकानांनाही मराठी देवनागरी नामफलक बंधनकारक केला आणि मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत असे ठरविले. व्यापाऱ्यांच्या एका संघटनेने हा विषय न्यायालयात नेला. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फलक लावण्यास दोन महिन्यांचा अवधी दिला आणि खटल्यावर खर्च करण्यापेक्षा फलकावर खर्च करावा, अशा आशयाची जाणीव करून दिली. एकदा सूट मिळाली म्हणजे ती कायमची, हे समजणे किती धोक्याचे आहे, याचे हे ताजे उदाहरण आहे.

पेढीवर जप्ती आली तेव्हा अण्णांच्या धाकट्या सुनेने खणातील सारी पत्रके बाहेर काढली. ती वाणिज्य शाखेची पदवीधर. घरच्या हिशेबाचे काम तिच्याकडे होते, पेढीच्या कायदेकानूंचे मात्र नव्हते. तिने ती पत्रके क्रमाने लावली आणि सासऱ्यांपुढे ठेवून इतकेच म्हटले, “अण्णा, यात आपल्याला सगळे कळविलेले आहे. आपण वाचले नाही.” अण्णांनी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी रोजमेळाशेजारी ठेवायची एक नवी वही आणून तिच्या हाती दिली.

त्या वहीत पाच रकाने आहेत. विधेयकाचे नाव व क्रमांक, ते कोणत्या टप्प्यावर आहे, राजपत्रातील प्रसिद्धीचा दिनांक, अंमलाचा दिनांक, आणि व्यापाऱ्याने काही करायचे असल्यास त्याचा शेवटचा दिनांक. पत्रकात ‘मंजूर’ असे वाचले की नोंद दुसऱ्या रकान्यात होते; पुढचे तीन रकाने भरेपर्यंत ती नोंद मिटत नाही. जमाखर्चाची सवय असलेल्या कोणत्याही घराला ही पद्धत जड जाणार नाही.

वही ठेवताना काही गोष्टी हळूहळू ध्यानात आल्या. त्या सर्वच वाचकांच्या उपयोगाच्या आहेत.

पहिली गोष्ट, ‘विधेयक मांडले’ या शब्दांची. आमदार मंत्री नसतील आणि त्यांनी स्वतः विधेयक मांडले असेल, तर ते अशासकीय विधेयक असते. अशा विधेयकाचा कायदा क्वचितच होतो; त्याचे खरे कार्य एखाद्या प्रश्नाकडे शासनाचे लक्ष वेधणे हे असते. त्याचे मोल कमी नाही, परंतु त्याच्या भरवशावर धंद्याचा निर्णय घेऊ नये.

दुसरी, अध्यादेशाची. अधिवेशन चालू नसताना राज्यपाल अध्यादेश काढू शकतात आणि तो तत्काळ कायद्यासारखा लागू होतो. पुढील अधिवेशन भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही, तर तो संपुष्टात येतो. म्हणजे काही नियम पत्रकात येण्यापूर्वीच दुकानाला लागू झालेले असतात.

तिसरी, अधिसूचनेची. प्रत्येक बदल विधेयकाच्या वाटेने येत नाही. २३ मार्च २०१८ रोजी राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आली, ती २००६ च्या कायद्याखालील अधिसूचनेने. त्यासाठी नवे विधेयक आणावे लागले नाही. साठा निकालात काढण्यास जेमतेम तीन महिने मिळाले. ज्यांच्या गोदामात वर्षाचा माल भरलेला होता, त्यांना या फरकाची किंमत कळली. म्हणून मूळ विधेयकाला जोडलेली शेवटची पाने वाचावीत. ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ विधेयक कशासाठी आहे ते सांगते. आणि शासनाला कोणकोणत्या बाबतींत नियम किंवा अधिसूचना काढण्याचा अधिकार दिला जात आहे, त्याचे स्वतंत्र ज्ञापन असते. उद्या काय येऊ शकते, त्याची चाहूल त्या ज्ञापनात लागते.

चौथी, रद्द झालेल्या कायद्याची. १ ऑगस्ट २०१५ पासून वार्षिक ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्या व्यापाऱ्यांचा स्थानिक संस्था कर गेला. पेठांत पेढे वाटले गेले. परंतु मागील वर्षांची करनिर्धारणा चालूच राहिली आणि नोटिसा पुढे कित्येक वर्षे येत राहिल्या. कर रद्द होतो तो पुढच्यासाठी. मागची विवरणपत्रे, पावत्या आणि वह्या रद्दीत घालण्याची परवानगी त्यातून मिळत नाही.

पत्रक वाचणे हा व्यवहाराचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा भाग पत्राला उत्तर देण्याचा आहे आणि व्यापारी समाजात तो जवळजवळ लुप्त आहे. आमदारांकडे व्यापारी जातो तो सत्काराला किंवा काही अडल्यावर. विधेयकाचा मसुदा हरकती व सूचनांसाठी खुला असतो तेव्हा मात्र तो दुकानात असतो. अनेक विधेयके एकाच अधिवेशनात मांडली जातात आणि त्याच अधिवेशनात संमत होतात. अधिवेशन सुरू झाल्यावर लिहू म्हणणाऱ्याचे पत्र पोहोचेपर्यंत तिसरे वाचन उरकलेले असते.

अण्णांच्या सुनेने २०२३ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी आमदारांना एक पानी पत्र लिहिले. त्यात तक्रारीचा सूर नव्हता, स्तुतीही नव्हती. पेठेतील किती दुकानदारांची जुनी थकबाकी होती, त्यांपैकी किती जणांनी अभय योजनेचा लाभ घेतला, किती जण चुकले आणि का चुकले, एवढे तिने दुकानोदुकानी विचारून लिहिले. योजना पुन्हा आणल्यास तिची माहिती पेठेपर्यंत कशी पोहोचावी, याची एक सूचना शेवटी होती. अण्णांनी पत्रावर स्वाक्षरी केली आणि आपले नाव चुकलेल्यांच्या यादीत पहिले लिहावयास सांगितले.

त्या वर्षी शासनाने पुन्हा तडजोडीचा कायदा आणला. २ लाखांपर्यंतची थकबाकी पूर्ण माफ, ५० लाखांपर्यंतच्या थकबाकीस २० टक्क्यांचा पर्याय, आणि प्रारंभ १ मे २०२३. एका पेठेतील एका पत्रामुळे राज्याचा कायदा होतो असे कोणी समजू नये. असे प्रश्न अनेक ठिकाणांहून आणि अनेक कारणांनी वर जातात. परंतु या वेळी पेढीच्या वहीत पाचही रकाने वेळेवर भरले गेले. मे महिन्यातच अण्णांनी २० टक्के रक्कम भरली. उधारी देणाऱ्या त्या जुन्या घराण्याकडे तडजोडीच्या आदेशाची प्रत घेऊन ते स्वतः गेले.

दुसरी संधी मिळाली हा दैवाचा भाग होता. दैवाच्या भरवशावर कोणी जमाखर्च मांडत नाही. लोकप्रतिनिधी वर्षातून तीनदा आपल्या कामाचा हिशेब मतदारांपुढे ठेवतो, ही लोकशाहीतील चांगली प्रथा आहे. परंतु हिशेब ठेवणाऱ्याइतकीच तो तपासणाऱ्याचीही जबाबदारी असते. जो व्यापारी पुरवठादाराच्या बिलातील प्रत्येक ओळ ताडून पाहतो, त्याने स्वतःच्या आमदारांचे पत्रक न वाचता खणात टाकावे, हे त्याच्या व्यवहारबुद्धीला शोभणारे नाही.

अण्णांच्या पेढीवर आता पत्रक आले की ते गल्ल्याशेजारच्या खणात जात नाही. ते आधी सुनेकडे जाते. तिने त्यातील ओळी वहीत उतरवून घेतल्या की अण्णा चष्मा लावतात आणि प्रत्येक नोंदीपुढे बोट ठेवून एकच प्रश्न विचारतात : “मंजूर झाले, ते कळले. लागू कधी आणि मुदत कधी?”